वन्संची भाऊबंदकी

वन्सं, आज सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एक अत्यंत गंभीर घोषणा केली, ती तुमच्याही कानावर घालते. "समस्त कुटुंबीयांना कळवण्यात येतं की, गेल्या पाच वर्षांत प्रथमच दिल्लीच्या द्वारकेतल्या या घरात सकाळी सातच्या आत चहाचं आधण ठेवण्यात आलं आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी."

संबंधित म्हणजे एकटा सतीश. माझा नवरा, तुमचा धाकटा भाऊ. तो दात घासता घासता बाहेर आला, घड्याळाकडे बघितलं आणि तोंडातल्या फेसासकट म्हणाला, "ताईची गोळी झाली का?"

मग आम्ही दोघंही तसेच उभे. तुमची थायरॉइडची गोळी सहाला, त्यानंतर तासभर पाण्याशिवाय काही नाही, आणि चहाचा वास आला की तुम्हाला धीर धरवत नाही, म्हणून अख्ख्या घराचा चहा सातला. हा नियम करताना सतीशने केवढी कुरकुर केली होती! आज त्यानेच हात पुढे करून गॅस बंद केला. सातपर्यंत आम्ही टेबलाशी बसून राहिलो. कुणाची वाट बघत होतो, ते विचारू नका.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. फोनवर जो तो विचारतो, "थायरॉइड होतं ना त्यांना?" मी ठणकावून सांगते, होतं, पण याच्यात त्याचा काही हात नाही. हृदय बंद पडलं, पानावर बसायच्या आधी, पाच मिनिटांत. थायरॉइडला तर तुम्ही केव्हाच वठणीवर आणलं होतं. त्याला मी फुकटचं श्रेय मिळू देणार नाही.

तुम्ही इथे आलात तेव्हाचं मला आठवतं. बार्शीच्या मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालात, पाठोपाठ तुमचे यजमान गेले, आणि सतीश तुम्हाला दिल्लीला घेऊन आला. पहिल्याच सकाळी मी प्रेमाने विचारलं, "वन्सं, आज भाजी कोणती बनवू?"

"भाजी करतात, मीनल. बनवतात ते माणसाला."

मी म्हटलं, "अच्छा. मग मी जरा नहाऊन येते."

"केस धुणार आहेस, की आंघोळ करणार आहेस?"

पंचवीस वर्षं सरकारी खात्यात खुर्ची उबवलेली बाई मी. माझ्या टिपणातली चूक काढायची सहसचिवांची छाती नव्हती. तुम्ही मात्र आठवडाभरात माझ्या किराणाच्या यादीवर लाल पेनाने खुणा केल्यात. 'धनिया' खोडून 'धने' लिहिलंत आणि पुढे कंसात लिहिलंत, 'कोथिंबीर हवी असल्यास तसे स्पष्ट करावे.' मी दात-ओठ खाल्ले आणि ऑफिसात जाऊन सगळ्यांना ती यादी दाखवली. खरं सांगते, फार मजा आली होती.

मग वर्षभरात ते लाल पेन हळूहळू मुकं झालं. मला कळलंच नाही. मला एवढंच दिसायचं की वन्सं झोपतात. सकाळी झोपतात, दुपारी झोपतात, उठून पुन्हा पडतात. एप्रिलच्या दिल्लीत सतीश बनियनवर, कूलर चालू, आणि तुम्ही स्वेटर घालून वर शाल. चेहरा सुजलेला. फणीत केसांचा गुंता. आवाज तर असा घोगरा झाला की बार्शीहून फोन आला की लोक तुम्हालाच म्हणायचे, "सतीश, ताईंना दे रे जरा." तुम्ही म्हणायचात, "अगं, मीच ती," आणि मी पलीकडे पोट धरून हसायची.

त्या हसण्याबद्दल नाही, पण एका वाक्याबद्दल मला आज बोलायचं आहे. ते वाक्य मी नोएडाच्या माझ्या बहिणीला फोनवर म्हटलं होतं. "आमच्या ऑफिसातली पेंडिंग फाइल बरी. वर्षातून एकदा तरी जागची हलते. आमच्या वन्सं म्हणजे..." आणि मी मान वळवली तर तुम्ही दारात होतात, हातात रिकामा तांब्या घेऊन. तुम्ही पाणी भरलंत आणि गेलात. मी मनाशी ठरवून टाकलं की तुम्ही ऐकलं नाही. माणूस सोयीचं ते ठरवतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर तुमची गादी घडी करून कोपऱ्यात आणि तुम्ही सोफ्यावर ताठ बसलेल्या. मान कलली की दचकून सरळ करत होतात. तिसऱ्या दिवशीही तेच. आडवं पडलेलं कुणी बघू नये म्हणून तुम्ही दिवसभर बसून झोपत होतात, वन्सं. मला ते कळलं होतं. तरी मी म्हटलं, "वा, आज फ्रेश दिसताय!"

घरी येणाऱ्यांत एक रुखसाना मात्र अशी होती की तुम्ही कशाही असलात तरी तिला चालायचं. परांड्याची पोरगी, तिची आई तुमच्या हाताखाली शिकलेली. इथे करोलबागेजवळ एका खोलीत चौघींबरोबर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करायची. मराठी साहित्य हा विषय घेतलेला, म्हणून दर रविवारी मेट्रोने तुमच्याकडे यायची. तिची उत्तरं तपासणं हे तुमचं आठवड्यातलं एकमेव काम होतं. त्या दिवशी मी आत पोळ्या लाटत होते आणि बाहेर तुमचा आवाज थांबला.

"इथे तू हे जे लावलंयस ना, हे... नामाच्या आधी येतं ते..."

रुखसानाला शब्द माहीत होता, आणि तो आपण सांगायचा की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"अगं ते... सुंदर फूल, त्यातलं सुंदर... त्याला म्हणतात..."

माझं लाटणं थांबलं. बत्तीस वर्षं पाचवीच्या पोरींना जे शिकवलंत, ते तुम्हाला आठवत नव्हतं. मग वही मिटल्याचा आवाज आला. "पुढच्या रविवारपासून येऊ नकोस. मी आता शिकवण्यासारखी राहिले नाही." रुखसाना चपला घालताना माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, मॅडमना दाखवून आणा हो कुठंतरी. ह्या अशा नाहीत." एवढंच. घरात रोज बघणाऱ्या मला जे दिसलं नाही, ते रविवारी दोन तास येणारीला दिसलं.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल लावला. "उम्र का तकाज़ा है. पति गए हैं, मन उदास है." वर कॅल्शियमची गोळी. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, "चला, वय झालं. कागदावर आलं." तीन महिने ते कॅल्शियम खाल्लंत आणि फरक शून्य. मग मी दुसरा दरवाजा ठोठावला, मेट्रोने चार स्टेशनं पलीकडे, हार्मोनच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी तुमच्या मागे उभं राहून गळा चाचपला आणि म्हणाल्या, "निगलिए." तुम्ही आवंढा गिळलात. मग एकेक प्रश्न. थंडी जास्त वाजते? पोट साफ होत नाही? आवाज बदललाय? बोलता बोलता शब्द हरवतात? प्रत्येक प्रश्नाला तुम्ही माझ्याकडे वळून बघत होतात, हिला कुणी सांगितलं म्हणून.

शेवटी तुम्ही तुमच्या बार्शी-हिंदीत म्हणालात, "डॉक्टर, मैं बहुत आळशी हो गयी हूँ."

"आलसी नहीं हैं आप," बाई म्हणाल्या. "बीमार हैं."

तुमचे डोळे भरले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधला महिना अतिशय बारकाईने वाचला.

रक्ताचे रिपोर्ट आले आणि आजाराला नाव मिळालं. हाशिमोटो. तुम्ही ते दोनदा म्हणून बघितलंत. "जपानी? आणि बार्शीत? शिवाय नावातच मोटा आहे, मग मी बारीक कशी राहणार?" बाईंनी कागदावर फुलपाखरासारखी ग्रंथी काढून समजावलं. शरीराचीच फौज, ती घरच्याच ग्रंथीवर चालून जाते. तुम्ही विचारलंत, बाहेरचं कुणी नाही का याच्यात, जंतू वगैरे? नाही म्हटल्यावर तुम्ही टेबलावर थाप मारलीत. "म्हणजे भाऊबंदकी!"

"क्या कह रही हैं?" बाईंनी मला विचारलं.

मी म्हटलं, "कह रही हैं कि... फ़ॅमिली प्रॉपर्टी का झगड़ा है."

बाई पडल्या दिल्लीच्या. क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "बिल्कुल!" मग सांगितलं की हा झगडा मिटवता येत नाही. ग्रंथी जे तयार करेनाशी झाली आहे, ते गोळीने रोज भरून द्यायचं, कायमचं. गोळी कशी घ्यायची ते त्यांनी मला सांगितलं, कारण तुम्ही तोवर बाहेर बाकावर जाऊन बसला होतात, भाऊबंदकी पचवत.

आता आपल्या त्या जुन्या भांडणाकडे येऊ. माझे नेमके शब्द, वन्सं, मला लख्ख आठवतात. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर मी तुम्हाला म्हणाले, "गोळी रोज सकाळी खाली पेट घ्यायची हं. बिल्कुल चुकवायची नाही." तुम्ही मान डोलावलीत. पुढे मी काहीच बोलले नाही, कारण माझ्या मते सगळं सांगून झालं होतं.

दर दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासायचं. पहिल्या वेळी आकडा जिथल्या तिथे. बाईंनी गोळी वाढवली. दुसऱ्या वेळी किंचित हलला, पुन्हा वाढवली. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा काढला. "खाली पेट लेती हैं न?"

मी अभिमानाने म्हणाले, "बिल्कुल!"

तुम्ही त्याहून अभिमानाने म्हणालात, "रोज. एक दिन भी नहीं चुकाया."

बाईंनी आणखी वाढवली. तुम्ही मात्र घरी येऊन बार्शीच्या घराची किल्ली शोधू लागलात. म्हणालात, "औषध घेऊनही अशीच राहणार असेन तर तिकडे पडून राहीन. निदान कुणाला बघायला लागणार नाही." त्या वेळी मी खरोखर घाबरले.

मग तो नोव्हेंबर. हवा इतकी घाण की फिरायला गेलेली मी दहा मिनिटांत खोकत परत. लॅचने दार उघडलं आणि बघते तर काय, टेबलावर चहाची रिकामी कपबशी, खारीचा चुरा, आणि जमिनीवर सतरंजी घालून तुम्ही पालथ्या! कासवासारखी मान वर काढलेली, एका हातात पेला, आणि पेल्यातल्या पाण्याबरोबर दोन गोळ्या घशात उतरतायत.

"वन्सं! हे कुठलं आसन?"

"आसन कसलं? गोळी घेतेय. कॅल्शियमची पण बरोबरच, म्हणजे एकदाच उठबस."

"पण पालथं होऊन?"

"तूच सांगितलंस ना. पेट खाली."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला, आणि मी दाराची कडी धरली. "अहो, खाली पेट! खाली म्हणजे रिकामं!"

"खाली म्हणजे खाली. बत्तीस वर्षं शिकवलंय मी. वर, खाली, मागे, पुढे."

"हिंदीत हो, हिंदीत खाली म्हणजे रिकामं!"

तुम्ही पालथ्याच होतात. तशाच अवस्थेत मान आणखी वर करून, शाळेतला सगळा बाईपणा एकवटून तुम्ही म्हणालात, "मग तू माझ्याशी हिंदीत का बोललीस? अनशापोटी म्हणायचं. उपाशीपोटी म्हणायचं. मराठीत शब्द संपले होते का?"

"आणि पालथं होऊन गोळी घ्यायची, हे तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"नाही. ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला आहे. बाईंनी चित्र काढून दाखवलंय. पालथं झालं की औषध पुढे उतरणार. मला तर फार शास्त्रशुद्ध वाटलं."

आणि वन्सं, मी हसायला लागले. तुम्हाला आधी राग आला, मग तुम्हीही हसलात, पण पालथ्या असल्यामुळे तुम्हाला हसता येईना, खोकला लागला, मी तुम्हाला उताणं करायला गेले आणि सतरंजीवर आपटले. सतीश उठून आला तेव्हा आपण दोघी जमिनीवर होतो. त्याने सरळ फोन हातात घेतला, अॅम्ब्युलन्सला लावायला.

आपण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. मी सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांचं पेन खाली पडलं, ते उचलायला त्या टेबलाखाली वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. वर आल्यावर डोळे पुसत म्हणाल्या की चहाने आणि कॅल्शियमने गोळीचा अर्धा जोर जात होता. गोळी उठल्या उठल्या, साध्या पाण्याबरोबर. चहा तासाने. कॅल्शियम चार तासांनी. "और माताजी, बैठ के."

पण इतके महिने वाढवत नेलेली ती गोळी आता पोटात पूर्णच्या पूर्ण लागू लागली! महिन्याभरात तुमची छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले, आणि तुम्ही पहाटे उठून माळे साफ करायला लागलात. सोसायटीच्या सूचनाफलकावरच्या हिंदी सूचनांचंही शुद्धलेखन तपासलंत. बाईंनी गोळी कमी केली. मग पुन्हा तपासणी, पुन्हा थोडी वर, थोडी खाली. रेडिओवर स्टेशन लावावं तसं. वर्ष गेलं म्हणा ना. आणि एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना तुमचा फोन आला. मी घाबरून बाहेर धावले. पलीकडून तुमचा खणखणीत, जुना, बायकी आवाज.

"काही झालं नाही गं. रुखसानाला बोलावलंय मी रविवारी. तिला सांगून टाकलं, त्या दिवशीचं ते विशेषण होतं. तुला कळवावं म्हटलं."

मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून रडले. शिपाई विचारू लागला, "मॅडम, घर पे सब ठीक?" मी म्हटलं, "विशेषण मिल गया." त्याने मला खुर्ची आणून दिली.

सगळं छान-छान झालं असं मी कुणाला सांगत नाही, तुम्हालाही आवडणार नाही. मार्चपर्यंत स्वेटर राहिलाच. केस पूर्वीसारखे झाले नाहीत. महिन्यातले दोन-तीन दिवस असे यायचे की तुम्ही सकाळीच जाहीर करायचात, "आज भाऊबंदकी आहे," आणि पांघरूण ओढून घ्यायचात. सतीश टीव्हीचा आवाज कमी करायचा, मी खिचडी टाकायची. तुम्ही आडव्या पडायचात, भर दिवसा, दार उघडं ठेवून, कुणाची भीड न बाळगता. मला त्याचं किती समाधान वाटायचं, ते मी कधी बोलले नाही.

भांडण मात्र आपण मिटवलं नाही. पाहुणे आले की ती गोष्ट तुम्ही सांगायचात, आणि तुमच्या गोष्टीत मी मराठी विसरलेली भावजय. मग मी सांगायची, आणि माझ्या गोष्टीत तुम्ही सतरंजीवरचं कासव. आता माझीच बाजू ऐकली जाईल. म्हणून काल शेजारणीला सांगताना मी तुमचीही बाजू मांडली. जरा वाढवूनच मांडली. जिंकलात तुम्ही.

आणि ती पेंडिंग फाइल. गेल्या वर्षी मला डेंग्यू झाला, आठवतं? पंधरा दिवस मी अंथरुणात. ऑफिस बुडतंय, घर पडलंय म्हणून माझी तगमग चाललेली. तुम्ही माझ्या उशाशी आलात, पांघरूण सारखं केलंत आणि म्हणालात, "पड गं निवांत. फाइल जागची हलली नाही तरी चालतं."

म्हणजे ऐकलं होतंत तुम्ही. अक्षर न् अक्षर. मी डोळे मिटून झोपल्याचं नाटक केलं, आणि नाटकं करण्यात मी कशी पटाईत आहे हे तुम्ही जाणता. तुम्ही माझ्या कपाळावर हात ठेवलात आणि तसाच ठेवून बसलात. तेव्हा उठून म्हणायला हवं होतं. उद्या म्हणू, परवा म्हणू, असं करत वर्ष गेलं. तर आज म्हणते. चुकलं माझं, वन्सं. तुम्ही आजारी होतात आणि मी विनोद करत होते.

परवाच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये तुमच्यासाठी सभा झाली. पन्नासेक माणसं. तुम्ही शिकवलेल्या सहा-सात मुली आल्या होत्या, कुणी मानेसरहून, कुणी थेट मुखर्जीनगरहून. रुखसाना दुसऱ्या रांगेत. परीक्षा तिला काही पावली नाही, पण नोएडाच्या एका वाहिनीत ती आता दिवसभर मराठी मजकूर तपासते, आणि तिथली माणसं तिला टरकून असतात म्हणे. त्या दिवशी तिने ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. सतीश पहिल्या रांगेत, अठरा दिवसांतला सगळ्यात दगडी चेहरा करून. मला सारखं वाटत होतं, आता या घरात मी काहीही बोलले, कसंही बोलले, तरी कुणी टोकणार नाही.

मराठी मंडळाचे चिटणीस बोलायला उभे राहिले. भला माणूस, पण माइक मिळाला की आवाज भरून येतो. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाले, "वसुधाताईंच्या जाण्याने आपल्या सर्वांच्या जीवनात कधीही भरून न येणारी पोकळी..."

आणि दुसऱ्या रांगेतून, रडता रडता, तोंडातला बोळा काढून, स्वतःलाही न कळता रुखसाना केवढ्यांदा तरी ओरडली, "सर, भरून येते ती जखम! पोकळी भरून निघत नाही!"